आधी ऐकायचं, मग जोडायचं

आमच्या बोलक्या ग्रंथालयात सोमवारी सकाळी सगळ्यात जास्त गर्दी असते. डोळ्यांनी वाचता येत नाही असे दोनशेच्या वर सभासद आहेत. प्रत्येक जण घरून आपापला पेन ड्राइव्ह घेऊन येतो, ऐकून झालेली पुस्तकं पुसून घेतो आणि नवी भरून नेतो. काउंटरवर मी बसतो. नोकरीभर छापील पुस्तकं सांभाळली, त्यामुळे निवृत्तीनंतर हे काम मिळालं तेव्हा ते मला जमेल असं ग्रंथालयाच्या लोकांना वाटलं. मला तसं वाटलं नव्हतं.

त्या सोमवारी रांगेत तिसऱ्या होत्या ऑपरेटरबाई. जन्मापासून दिसत नाही, पण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर, बाहेरगावचे फोन हातानं दोऱ्या खुपसून जोडण्यात तीस वर्षं काढलेली. वय त्र्याहत्तर आणि आवाज तिशीतला. सोबत त्यांची नणंद, बाईंपेक्षा चार वर्षांनी मोठी, काठीसारखी ताठ. बाईंचे यजमान गेल्यापासून दोघी एकाच घरात राहतात आणि, ऐकणाऱ्याला वाटावं, केवळ भांडण्यासाठी राहतात.

"वन्सं, पायरी आली तर सांगावं माणसानं."

"सांगितली. तू बोलत होतीस. तू कधी बोलत नसतेस ते आधी कळव, म्हणजे तेव्हा सांगेन."

बाईंनी काउंटर हातानं चाचपला, पेन ड्राइव्ह माझ्यापुढे ठेवला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा कुजबुजत्या आवाजात म्हणाल्या, "पुस्तकवाले, आज न्यायला नाही, द्यायला आलेय. यात माझं पुस्तक आहे."

पाच महिने त्या दुपारी आपल्या मोठ्या बटणांच्या रेकॉर्डरपुढे बसून एक्स्चेंजच्या आठवणी सांगत होत्या. रेकॉर्डरला पेन ड्राइव्ह लावायचा, बटण दाबायचं, बोलायचं. बासष्ट प्रकरणं झाली होती. शनिवारच्या श्रवणसभेत त्यातली काही सगळ्यांना ऐकवायची आणि मग पुस्तक ग्रंथालयात ठेवायचं, असं ठरलं होतं. आमच्याकडे आजवर दुसऱ्यांनी लिहिलेली पुस्तकं तिसऱ्यांनी वाचलेली होती. सभासदाचं स्वतःचं असं हे पहिलंच.

"दुसरी प्रत घरी असेलच," मी म्हणालो.

"फोनवर बोललेल्याची दुसरी प्रत असते का?" बाई म्हणाल्या.

मी ड्राइव्ह मशीनला लावला. पडदा काळा झाला, त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या चार-पाच ओळी उमटल्या आणि मशीन निपचित पडलं. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असणार. मला नेहमी तसंच वाटतं. मशीन पुन्हा सुरू केलं, पुन्हा लावला. पुन्हा काळा पडदा. मागून कोणीतरी म्हणालं, "आमची पुस्तकं आज मिळणार की उपास?" घाबरून मी तिसरी गोष्ट केली, जी करायला नको होती. ड्राइव्ह घेऊन आत गेलो आणि स्टुडिओतल्या मशीनला लावला. तेही पडलं. काचेपलीकडे एक गृहस्थ माइकपुढे चाळिसाव्या पानावर पोचले होते. त्यांना बिचाऱ्यांना काही कळलं नाही. ते आणखी अर्धा तास उत्तम वाचत राहिले, आणि त्यातलं एक अक्षरही कुठे उतरलं नाही.

अकरा वाजता चिटणीस आले. चिटणीस वाईट माणूस नाही, फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीचा नियम करायला आवडतो.

"व्हायरस," ते म्हणाले. "मी सांगतच होतो. उद्यापासून सभासदांचा एकही ड्राइव्ह आपल्या मशीनला लागणार नाही. आणि हा तर मुळीच नाही."

"मग पुस्तकं काय कानात ओतून न्यायची आम्ही?" बाईंनी विचारलं.

"त्याचा विचार शुक्रवारच्या बैठकीत होईल."

"आणि माझं पुस्तक?"

चिटणीसांनी ड्राइव्ह दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला. बाईंचा चेहरा उतरला. गंमत म्हणजे नणंदबाई गप्प होत्या, आणि ते मला जास्त विचित्र वाटलं. "मीच केलं असणार," बाई शेवटी म्हणाल्या. "बोर्डावरची सवय. बोलणं संपलं की दोरी उपसायची, पुढचा माणूस ताटकळत असतो. ड्राइव्हही मी तसाच उपसते. थांबा म्हणतं ते यंत्र, पण कोण थांबतंय!"

ड्राइव्ह मी रुमालात गुंडाळून घरी आणला.

माझी सून संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी आतल्या भागाचं काम करते. नेमकं काय करते ते मला सहा वर्षांत समजलेलं नव्हतं आणि विचारायचा संकोच वाटे. त्या संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर भाजी चिरत होती. मी घडलेलं सांगितलं, तशी तिनं सुरी खाली ठेवली.

"बाबा, किती वेळा लावलात?"

"तीनदा."

"चौथ्यांदा लावू नका. नुसतं लावलं तरी सिस्टिम त्याच्यावर स्वतःची खूण करून ठेवते. आधीच विस्कटलेलं असेल तर आणखी विस्कटतं."

मी खिशातला रुमाल चाचपला. तिला ते दिसलं असावं, कारण ती लगेच हसली. "अहो, अजून काही गेलेलं नाही. ऐका. तुमच्या जुन्या ग्रंथालयात कोणी देणगी म्हणून पुस्तकांची पेटी आणली, सोबत त्या पुस्तकांची यादी. तुम्ही काय करायचात?"

"यादी पेटीशी ताडून पाहायचो."

"का?"

"यादी करणारा कोण, कसा, आम्हाला काय ठाऊक? एकदा एका यादीत पान नऊवर 'पुढचं पान दहा पाहा' आणि पान दहावर 'पान नऊ पाहा' असं होतं. आमचा नवा कारकून दुपारभर नऊ-दहा, नऊ-दहा करत बसला होता."

ती एवढ्या मोठ्यानं हसली की मुलगा आतून बघायला आला. "बाबा, हेच! अगदी हेच झालंय. प्रत्येक ड्राइव्हवर सुरुवातीला अशी यादी असते, कुठली फाइल कुठे ठेवली आहे याची. ड्राइव्ह लावला की सिस्टिम ती यादी वाचून घेते, त्याला आम्ही माउंट करणं म्हणतो. आणि ही यादी खरीच असणार असं धरून चालते. कारण फार पूर्वी हे लिहिलं गेलं तेव्हा डिस्क मशीनच्या पोटात असायची. यादी करणारी तीच, वाचणारी तीच. आता दोनशे लोक खिशातून दोनशे याद्या आणतात."

"पण चिटणीस म्हणतात व्हायरस."

"व्हायरस शिरायला कोणीतरी फाइल उघडावी लागते. इथे उघडायचीही गरज नाही, नुसतं पाहिलं की झालं. आणि पाहणारा कारकून काउंटरवर बसत नाही हो, मशीनच्या गाभ्यात बसतो, सगळ्या किल्ल्या कमरेला लावून. तो चक्रावला की सगळंच मशीन पडतं. बाईंची यादी नुसती विस्कटली आहे. पण कोणी मुद्दाम वाकडी यादी लिहिली, तर तो कारकून किल्ल्यांसकट त्याचं ऐकायला लागेल."

"म्हणजे चिटणीसांचं बरोबर आहे."

"भीती बरोबर आहे. नियम चुकीचा आहे."

तिनं मंगळवारची रजा टाकली. मी नको म्हणालो, पण फार जोरानं म्हणालो नाही.

मंगळवारी सकाळी ती एक जुना, कोपरे झिजलेला लॅपटॉप घेऊन ग्रंथालयात आली. वाचनदालनातल्या लांब टेबलावर तो ठेवला. दोघी नणंद-भावजया आधीच येऊन बसल्या होत्या. बातमी पसरल्यामुळे आठ-दहा सभासदही आले होते, आणि चिटणीस दारात हाताची घडी घालून उभे होते.

"याला नेट नाही," सुनेनं सांगितलं, "आणि ड्राइव्ह लावल्यावर आपोआप उघडायची सवय मी याची मोडली आहे. आधी न उघडता, न वाचता, आहे तशी पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्या ठिपक्यापर्यंत नक्कल करून घ्यायची. मग मूळ ड्राइव्ह बाजूला. पुढे जे काय करायचं ते नकलेवर, आणि तेही या मशीनच्या आत केलेल्या एका खोट्या मशीनमध्ये. पडलं तर ते पडेल."

बाई मान डोलावत होत्या. "आमच्याकडे हाच कायदा होता. बाहेरगावचा फोन आला की थेट गिऱ्हाइकाच्या कानात नाही घालायचा. आधी ऑपरेटरनं स्वतः ऐकायचं, मग जोडायचं. पलीकडे वीज कडाडत असते, कोणी शिव्या देत असतो, काय वाट्टेल ते असतं. तुमच्या यंत्राला एवढं कोणी शिकवलं नाही?"

"शिकवतोय हो," सून म्हणाली. "पगार त्याचाच घेते."

नक्कल व्हायला चाळीस मिनिटं लागली. मग तिनं आतल्या मशीनला ती दाखवली. आतलं मशीन पडलं.

"पडलं का?" बाईंनी विचारलं.

"पडलं!" सून आनंदानं म्हणाली. "आणि बाहेरचं चालू आहे." तिनं काहीतरी बदललं, पुन्हा दाखवली. पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा पडलं तेव्हा सभासदांनी टाळ्या वाजवल्या. मशीन पडल्यावर टाळ्या वाजलेल्या मी प्रथमच ऐकल्या. दारातून चिटणीस चार पावलं आत आले.

"यादीचा नाद सोडू," सून म्हणाली. "बाबा, यादी जळाली तर ग्रंथपाल काय करतो?"

"कपाटांपुढून चालत जातो," मी म्हणालो, "आणि एकेक पुस्तक हातात घेऊन पाहतो."

"तेच करू."

तिनं लावलेल्या प्रोग्रॅमनं नक्कल टोकापासून चाळायला सुरुवात केली. जिथे आवाजाची सुरुवात दिसेल तिथून तो तुकडा वेगळा काढायचा. पडद्यावर आकडा चढत गेला. दहा. तीस. पन्नास. प्रत्येक आकडा मी मोठ्यानं म्हणत होतो आणि माझा आवाज माझ्या नकळत चढत होता. साठ म्हणालो तेव्हा बाईंनी नणंदेचा हात घट्ट धरला होता. आकडा त्र्याहत्तरवर थांबला.

"बासष्ट होती," बाई म्हणाल्या. "त्र्याहत्तर कशी?"

"तुकडे झाले असतील. नावं नाहीत, क्रमही नाही," सून म्हणाली. "आता तुम्हालाच लावावा लागेल."

"लाव. बोर्ड सांभाळलाय मी."

मग जे सुरू झालं ते तीन तास चाललं. सून एकेक तुकडा वाजवी. बाईंना चार शब्दही पुरत. "हे सतरावं, डॉक्टर आणि कोंबडीवाला एकाच लायनीवर आले ते." "हे चौथं." "हे एकोणपन्नास, पुढचं ऐकवू नका, शनिवारी हसू नाही येणार." मी कागदाच्या चिठ्ठ्यांवर आकडे लिहून टेबलावर मांडत होतो. ऐकणारे सगळे मध्येच सुरू होऊन मध्येच तुटणाऱ्या त्या गोष्टींनी हैराण झाले. कोंबडीवाल्याचं पुढे काय झालं म्हणून एक सभासद हट्टालाच पेटला. चिटणीस एव्हाना खुर्ची ओढून बसले होते आणि चिठ्ठ्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांवर पट्टी ठेवून धरत होते.

चोविसावा तुकडा लागला. त्यात बाईंचा आवाज नव्हता.

"वहिनी झोपलीये," खालच्या सुरात कोणीतरी म्हणालं, "म्हणून आता बोलते. पाचव्या प्रकरणात ती म्हणते की माझा भाऊ तिच्या आवाजाच्या प्रेमात पडला. साफ खोटं. दादा फोनला घाबरायचा. घंटा वाजली की न्हाणीघरात जायचा. रोज फोन मी करायचे, आवाज मी ऐकला, स्थळ मी आणलं. हे कुठेतरी नोंदलेलं असावं."

नणंदबाईंचे कान लाल झाले होते.

"वन्सं?" बाई म्हणाल्या.

"मशीन बिघडलंय," नणंदबाई म्हणाल्या.

"मशीन तुमच्या आवाजात बिघडलंय?"

असे अकरा तुकडे निघाले. भावजयीचं प्रकरण झालं की दुपारी ती झोपल्यावर नणंदबाईंनी हळूच त्याच रेकॉर्डरवर आपली बाजू सांगून ठेवली होती. एकात कोंबडीवाल्याचं खरं काय झालं होतं ते होतं, त्यावर त्या हट्टी सभासदानं टेबलावर थाप मारली. शेवटच्या तुकड्यात नणंदबाई म्हणत होत्या, "आणि त्या दिवशी तिनं जी साडी..." मग पलंग करकरल्याचा आवाज, "अगं बाई!", आणि तिथेच तुटलं.

सुनेनं तो तुटलेला शेवट दोनदा ऐकला. "यादी इथे विस्कटली," ती म्हणाली. "लिहिता लिहिता ड्राइव्ह उपसला गेला. बोर्डाच्या सवयीनं नाही."

नणंदबाई उठून उभ्या राहिल्या. सोमवारपासूनचं गप्प बसणं एकदम बाहेर आलं. "मीच केलं. तू उठलीस, मी घाबरले, उपसला. सत्त्याहत्तराव्या वर्षी चोरी पकडली जाणार म्हणून घाबरले. आणि मग तू म्हणालीस माझ्यामुळे झालं, आणि मी म्हटलंही नाही की नाही म्हणून. तुझं पुस्तक गेलं असतं तर मी..."

बाईंनी मान खाली घातली. मला वाटलं, आता मी उठून पाणी आणावं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"न्हाणीघरात?" त्या म्हणाल्या. "खरंच न्हाणीघरात जायचे?"

"दार लावून घ्यायचा!"

"चव्वेचाळीस वर्षं मला सांगत होते, तुझा आवाज ऐकला आणि ठरवलं! पुस्तकवाले, तो तुकडा पाचव्यानंतर लावा. अकराही लावा, जिथल्या तिथे. मला पलीकडची बाजू नसलेलं बोलणं कधीच आवडलं नाही."

चिठ्ठ्या मांडून झाल्या तेव्हा कळलं की एक जागा रिकामी आहे. अकरा नणंदबाईंचे, एक दोनदा निघालेला, बाईंची एकसष्टच. बासष्टावं नव्हतं. सुनेनं पुन्हा चाळून पाहिलं. त्या जागेवर नणंदबाईंचाच अर्धवट तुकडा बसला होता आणि खाली नुसती खरखर होती.

"शेवटचंच?" मी विचारलं.

"शेवटचंच. हातानं जोडायचा बोर्ड बंद झाला तो दिवस," बाई म्हणाल्या. "त्याच्यासाठी तर सगळं पुस्तक सांगितलं." हसू गेलं होतं.

चिटणीसांनी घसा खाकरला. शुक्रवारच्या बैठकीसाठी लिहून आणलेला नियमाचा कागद त्यांच्या हातात होता. त्यांनी तो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सुनेला विचारून विचारून लिहायला घेतलं: सभासदांचे ड्राइव्ह आधी या वेगळ्या मशीनला लागतील, ते मशीन कशालाही जोडलेलं नसेल, पडलं तर पडू द्यावं. लिहून झाल्यावर ते मला म्हणाले, "स्टुडिओ मोकळा आहे ना आत्ता? मग बसवा की यांना. प्रकरणच तर सांगायचंय."

बाईंना आत नेऊन माइकपुढे बसवलं. मी काचेबाहेर बटणांपाशी. लाल दिवा लावला. बाईंनी सुरुवात केली, दोन वाक्यं झाली आणि थांबल्या. "नाही जमत. तेव्हा एकटीच होते, ते बरोबर आलं होतं. आता वाटतंय काहीतरी राहतंय."

"बोर्ड बंद झाला त्या दिवशीही तू एकटी कुठली होतीस," दारातून नणंदबाई म्हणाल्या. "मी होते तिथे. डबा घेऊन आले होते. मागे बाकावर बसले होते."

"मग तुम्ही काय केलंत?"

"बघत होते."

"काय बघत होतात?"

"ते तू कधी विचारलंस?"

बाईंनी शेजारची खुर्ची हातानं शोधली आणि बाहेर ओढली. नणंदबाई बसल्या. काचेतून मला दोघींच्या पाठी दिसत होत्या आणि कानावरच्या हेडफोनमधून आवाज येत होते.

बाई सांगत होत्या: सकाळी दीडशे दोऱ्यांचा खडखडाट असायचा, दुपारी साठ, तीन वाजता नऊ. एकेक ओळ गप्प होत गेली. शेवटी एकच घंटा उरली, आणि ती कुठल्या गावची ते आवाजावरून कळलं.

"तेव्हा सगळ्या मुली उठून तुझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या होत्या," नणंदबाई म्हणाल्या.

"माझ्या मागे?"

"गोल करून. पायातल्या चपला काढून, तुला कळू नये म्हणून."

"मला वाटलं सगळ्या घरी गेल्या. मला राग आला होता. मी आजवर कोणाला सांगितलं नाही, पण फार राग आला होता."

"एकही गेली नव्हती. साहेबसुद्धा बूट काढून."

"साहेब बूट काढून!"

"एका मोज्याला भोक होतं."

मग दोघी एकदमच बोलायला लागल्या, एकीचं वाक्य दुसरीच्या वाक्यावर चढत होतं. एका वेळी एकानंच बोलावं हा आमच्या स्टुडिओचा पहिला नियम आहे, आणि तो तोडला तर आत दिवा लुकलुकवून थांबवायचं काम माझं. माझं बोट त्या बटणावरच होतं. चिटणीस माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते दुसरा हेडफोन शोधत होते.

मी बोट काढून घेतलं.